हप्ता संपल्यानंतरचा उन्हाळा

उन्हाळा आला की लोकांना आजोळ आठवतं. मला सूड आठवतो. एप्रिल अर्धा सरला की विरार पूर्वेला, आमच्या फुलपाड्यात, रस्त्याकडेला ताडगोळेवाल्या पाट्या मांडून बसतात, कोयत्यानं फळाची टोपी उडवतात आणि आतले पाणीदार गोळे अंगठ्यानं अलगद बाहेर काढतात. कोयत्याचा तो खट्ट आवाज दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. शेजारच्या बायका पिशव्या घेऊन खाली उतरतात. मी गॅस बारीक करते आणि ओट्याला टेकून जरा वेळ नुसतीच उभी राहते. आम्ही कर्जमुक्त झालो त्या वर्षीचा उन्हाळा तेवढ्या वेळात माझ्या अंगावरून जातो. हातात उरणाऱ्या पैशांचं काय करायचं याचा विचार मी त्या उन्हाळ्यात आयुष्यात पहिल्यांदा केला. जो विचार सुचला तो चांगला नव्हता. मला त्याची लाज वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमची ही जागा नव्वदीच्या सुरुवातीची. तेव्हा फुलपाड्यात पुऱ्या झालेल्या इमारती कमी आणि आकाशात सळया वर काढून उभे राहिलेले खांब जास्त. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही पाऊण तास. भिंतींना ओल्या चुन्याचा वास पहिली दोन वर्षं होता, आणि तो मला इतका आवडायचा की केर काढता काढता मी भिंतीला नाक लावायची. खिडकीतून जीवदानीचा डोंगर दिसायचा. सकाळी त्याची सावली थेट आमच्या गॅलरीपर्यंत यायची आणि दुपारी तो तापून करडा व्हायचा. माझं माहेर गुहागरकडचं, बोळातल्या खोल्यांमध्ये वाढलेली मी. डोंगर दिसणारी खिडकी स्वतःची असणं म्हणजे काय, ते मलाच माहीत.

जागेला कर्ज घेतलं ते विलासच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कंपनीतल्या पतपेढीचं. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, लिहिताना ते जमत नाही. पतपेढीचा नियम असा, की कर्जाला दोन जामीनदार हवेत आणि दोघेही कंपनीत कामाला असलेले सभासद हवेत. हप्ता पगारातूनच कापून जायचा, त्यामुळे जामीनदाराच्या खिशाला तोशीस लागायची वेळ सहसा येत नसे. तरीही लोक सही द्यायला कां-कूं करत. अण्णांनी केली नाही. अण्णा म्हणजे विलासचे चुलत भाऊ, त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठे, त्याच कंपनीत स्टोअरला हेडक्लार्क, राहायला विरार पश्चिमेला. आमच्या भाड्याच्या खोलीत बसून माझ्या हातचा शिरा त्यांनी खाल्ला, रुमालानं बोटं पुसली आणि खिशातलं पेन काढून सही केली. मी वाकून नमस्कार केला त्यांना. दुसरी सही विलासच्या खात्यातल्या कुणा गृहस्थानं दिली, ज्याचं तोंडही मी कधी पाहिलं नाही.

तेव्हापासून दर महिन्याचा पहिला रविवार अण्णांचा झाला. साडेदहाला यायचे, खिडकीजवळच्या घडीच्या खुर्चीत बसायचे आणि चहा होईपर्यंत घर न्याहाळायचे. नवीन काही दिसलं की चौकशी. पडदे कुठून घेतले, जुना मिक्सर दुरुस्त होत नव्हता का, दूध एवढं कशाला लागतं. स्वातीला, आमच्या मुलीला, गोवर आला होता तेव्हा टोपलीत चार सफरचंदं होती. अण्णांनी त्यातलं एक उचललं, हातात तोललं, परत ठेवलं आणि म्हणाले की आजारपणात मोसंबीही चालते. "माझी सही आहे हो त्या कागदावर," हे वाक्य ते नेहमी हसत म्हणायचे. विलासही हसायचा. मी आत जाऊन कपबशा विसळत बसायची, आधी विसळलेल्या असल्या तरी.

खरं तर आम्ही गरीब नव्हतो. मी एका खाजगी शाळेत कारकून होते, पगार बेताचा, पण होता. हप्ता जाऊन दोन वेळचं नीट भागत होतं. पण आमच्या घरात गरिबीचं नाटक चालायचं आणि त्याचा प्रयोग महिन्यातून एकदा ठरलेला असायचा. आदल्या शनिवारी संध्याकाळी मी घर आवरायची म्हणजे चांगल्या वस्तू आत दडवायची. नवी चादर गादीखाली, बिस्किटांचा डबा पिठाच्या डब्यामागे, माझ्या नव्या चपला मोरीच्या माळ्यावर. एकदा असा रविवार होता, मी पोह्यांना फोडणी देत होते आणि दाराची कडी वाजली. स्वातीनं दार उघडलं. सहा वर्षांची होती. अण्णा चपला काढायच्या आत ती त्यांना म्हणाली, "अण्णाकाका, आम्ही काहीच नवीन नाही आणलं." अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शहाणी आहे पोर म्हणाले. मी गॅस बंद केला.

फ्रिजचं असंच. दोन दिवाळ्यांचा बोनस बाजूला ठेवून मी फ्रिज ठरवून आले होते. अण्णा म्हणाले, माठाचं पाणी प्रकृतीला चांगलं. दुसऱ्या दिवशी विलास म्हणाला की पुढच्या वर्षी बघू, अण्णांना बरं वाटणार नाही. अण्णांना बरं वाटणार नाही, अण्णांना विचारून बघतो, अण्णा काय म्हणतील. ही तीन वाक्यं मी दहा वर्षं ऐकली. शाळेची सहल, माझ्या भावाच्या लग्नातला आहेर, गॅलरीची जाळी, सगळ्यांच्या आड ही वाक्यं आली. उन्हाळ्यात भाजी नासायची, दूध फाटायचं, आणि फाटलेलं दूध ओतून देताना मी अण्णांना मनातल्या मनात जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण फ्रिजचा राग वेगळा आणि बीएडचा वेगळा. लग्नाआधी मी बीए झाले होते. शिक्षिका व्हायचं हे माझं शाळेपासूनचं ठरलेलं. सत्त्याण्णव साली मी कुणाला न सांगता अर्ज भरला आणि वसईच्या कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं. यादी काचेच्या पेटीत होती. मी काचेवरून बोट फिरवत नाव शोधलं आणि सापडल्यावर तिथेच उभी राहून हसले. फी भरायला आठ दिवसांची मुदत होती. विलासला सांगितलं तर तो खूश दिसला. म्हणाला, रविवारी अण्णांच्या कानावर घालू. रविवारी अण्णांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, डोक्यावर हप्ता असताना एक पगार बंद करून बाईनं पुस्तकं घेऊन बसायचं, हे काही शहाणपणाचं नाही. जामीनदार म्हणून मला बोललं पाहिजे. विलास जमिनीकडे बघत होता. मुदत संपली त्या दिवशी मी शाळेत शंभर मुलांचे दाखले लिहिले. एकही चूक केली नाही.

दोन हजार एकच्या मार्चमध्ये शेवटचा हप्ता गेला. एप्रिलचा पगार विलासनं माझ्या हातात ठेवला तेव्हा पाकीट नेहमीपेक्षा जाड होतं आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत बसलो. शाळेला सुटी लागली होती. विलासचं म्हणणं, आता दर महिन्याचा हप्ता आहे तसा बँकेत टाकावा, नाहीतर स्कूटर बघावी. मी म्हटलं, पहिल्या दोन महिन्यांचे मला द्या, आणि काय करते ते विचारू नका. तो आनंदात होता, हो म्हणाला.

मे महिन्यात मी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. टाकीच्या सावलीत गोणपाट टाकून, काठीनं कावळे हाकत, नाकात मिरचीचा खाट घेऊन मी बेत करत बसायची. शेजारणी म्हणायच्या, किती कामसू. काम कसलं, मी अण्णांना ठिकठिकाणी बसवून बघत होते. पहिलं ठरलं जेवण. अण्णांना जेवायला बोलवायचं आणि असं वाढायचं की प्रत्येक घासाला त्यांना किंमत विचारावीशी वाटली पाहिजे आणि विचारता आली नाही पाहिजे. मग फ्रिज. त्यांच्याकडे एका दाराचा होता, म्हणून मला दोन दारांचा हवा होता. मग जाऊबाईंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, पैठणी. जाऊबाईंवर माझा काडीचा राग नव्हता, पण ती साडी अण्णांच्या घरात त्यांच्या डोळ्यांसमोर नेसली गेली पाहिजे होती. आणि सगळ्यात शेवटी, कर्ज फिटल्याचा कागद काचेच्या चौकटीत घालून घडीच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावायचा. येतील त्या रविवारी तो वाचत चहा प्यावा. हा बेत सुचला तेव्हा मला इतका आनंद झाला की कावळ्यांनी दोन मिरच्या नेल्या तरी मी उठले नाही.

पावसाळ्याआधी सुकी मासळी भरून ठेवायला मी दर वर्षी अर्नाळ्याला जायची. बांबूंच्या आडव्या दांड्यांवर बोंबील जोडीजोडीनं लटकलेले, त्यांचा खारट उग्र वास वाऱ्याबरोबर एसटीच्या थांब्यापर्यंत यायचा, आणि वाळूवर पसरलेल्या सुकटीवरून चालणारी कुत्री हाकलायला बायका बसल्या जागेवरून खडे मारायच्या. हिराबाय नावाची कोळीण माझी ठरलेली. त्या दिवशी मी सुकट, बोंबील घेऊन झाल्यावर तिला सांगितलं की रविवारसाठी पापलेट हवेत, मोठ्यात मोठे, सहा. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"दर साली पाव किलो सुकटीसाठी घासाघीस करतेस बाय," ती म्हणाली. "आज कोन जेवाला येनार हाय? मानूस लय लाडका दिसतो."

मी म्हटलं, लाडकाच आहे. दहा वर्षं वाट बघतेय त्याला जेवू घालायची. तिनं खूश होऊन वर मूठभर सोडे टाकले.

कर्ज फिटल्याचा कागद मात्र येईना. फिटलेला कर्जरोखा पतपेढी शिक्का मारून परत देते, हे मला ठाऊक होतं. विलासला मी दर दोन दिवसांनी आठवण करायची. तो आज विसरलो म्हणायचा, उद्या माणूस रजेवर आहे म्हणायचा. मला वाटलं, आळस. पतपेढीतले सावंत आमच्याच गल्लीत दोन इमारती सोडून राहायचे. मी सरळ त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, कागद तुम्हीच घेऊन या. त्यांनी शनिवारी दुपारी आणून दिला आणि पेढ्यांचं काय म्हणून विचारलं.

मी चौकटीचं माप घ्यायला कागद टेबलावर पसरला. पहिल्या पानावर जांभळा शिक्का. दुसऱ्या पानावर जामीनदारांच्या सह्या. अण्णांच्या नावावर लाल शाईची रेघ मारलेली होती. बाजूला लिहिलं होतं, निवृत्त, जामीनदार बदली. तारीख पंच्याण्णवच्या दिवाळीनंतरची. खाली नवं नाव पास्कलचं, विलासच्या कंपनीतल्या मित्राचं, आणि त्याखाली कर्जदाराची संमती म्हणून विलासची सही, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.

सावंत दारातच उभे होते. मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, वहिनी, अण्णा व्हीआरएस घेऊन गेले ना तेव्हा, कामावर नसलेल्याचा जामीन कसा चालेल, पास्कलनं दिला, तुमच्या साहेबांना, विलासना, माहीत आहे की. आणि ते गेले.

अण्णांनी नोकरी सोडली हे मलाही माहीत होतं. पेढे खाल्ले होते मी त्यांचे. दोघेही कामाला असलेले सभासद हवेत, हा नियम मला पहिल्या दिवसापासून पाठ होता. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायचं माझ्या डोक्यात सहा वर्षांत एकदाही आलं नाही. सही म्हटली की अण्णांचा चेहराच समोर यायचा. शाळेत हजारो मुलांचे दाखले तपासणारी मी, माझ्या घरातला एक कागद मी कधी मागून पाहिला नाही. याचा राग मला अजून येतो, आणि तो माझा माझ्यावर आहे.

विलास घरी यायच्या आत मी कागद घडी करून ठेवून दिला. पापलेटांना हळद, मीठ, कोकमाचं आगळ लावून ठेवलं. हात आपोआप चालत होते. मी सत्त्याण्णवचा तो रविवार पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणत होते. अण्णांची त्या दिवशी कुठल्याच कागदावर सही नव्हती, आणि जमिनीकडे बघत बसलेल्या माणसाला ते पक्कं ठाऊक होतं.

रविवारी अण्णा एकटेच आले, जाऊबाईंचे गुडघे दुखत होते. ताट बघून ते जरा दचकले. तळलेलं पापलेट, आमटी, सोड्यांची खिचडी, सोलकढी. मी ठरवल्याप्रमाणे आग्रह केला. त्यांनी पहिला तुकडा संपवला आणि म्हणाले, चला, माझी सही कामी आली म्हणायची. मी तो कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला, दुसरं पान वर करून. त्यांनी डाव्या हातानं चष्मा चढवला आणि वाचला. विलासचा घास हातातच राहिला.

"विलास, तू हिला सांगितलं नव्हतंस?" अण्णांनी विचारलं.

विलासनं हातातला घास ताटात परत ठेवला.

मग अण्णांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना काही विशेष वाटतंय असं दिसलं नाही. नोकरी सोडताना ते विलासला म्हणाले होते की आता मी मोकळा, तुमच्या घरात लक्ष घालणार नाही. विलासच म्हणाला, अण्णा, तुम्ही येत जा. तुमचा धाक आहे म्हणून खर्च आवाक्यात आहे. मी नाही म्हटलं की भांडण होतं, तुम्ही म्हटलं की होत नाही. बीएडच्या वेळी तर त्यानं आदल्या दिवशी शेजारच्या दुकानातून फोन करून सांगितलं होतं की उद्या विषय निघेल, तेवढं नको म्हणा.

"मलाही दर महिन्याला इकडे यायचा कंटाळाच यायचा, सुनंदा," अण्णा म्हणाले. "रिक्षाला पैसे पडतात."

विलास एवढंच म्हणाला की घरासाठीच केलं. मी त्याच्याकडे बघितलं. दहा वर्षं जो चेहरा मला अण्णांच्या दबावाखाली दबलेला, बिचारा वाटत होता, तो तोच होता. मासे उत्तम झाले होते. अण्णांनी दुसरा तुकडा मागून घेतला आणि मी वाढला.

पुढच्या आठवड्यात मी वसईजवळ गिरीजला, पास्कलच्या घरी गेले. पास्कल माझ्या ओळखीचा होता, पण विलासचा मित्र म्हणून. दर नाताळाच्या सुमारास तो स्वतःच्या वाडीतला राजेळी केळ्यांचा फणा घेऊन यायचा, पलंगाच्या कडेवर दहा मिनिटं बसायचा, स्वातीला शाळेचं विचारायचा आणि जायचा. त्याला मी चहा साध्या कपातून द्यायची. चांगली कपबशी अण्णांची होती. हे आठवून मला वाटेतच रडू आलं. वाडीत शिरल्यावर ऊन एकदम मागे राहिलं. केळीच्या पानांतून हिरवा उजेड पडला होता, पाटातून पाणी धावत होतं, आणि पास्कल अनवाणी, हातात फावडं घेऊन आळी बांधत होता. मी पिशवीतून पेढे काढले आणि सहीबद्दल आभार मानले. तो गोंधळला. त्याला वाटलं होतं मला सगळं आधीपासून माहीत आहे.

त्याची बायको पाणी घेऊन आली. बोलता बोलता पास्कलनं विचारलं की मी अजून शाळेच्या ऑफिसातच आहे का. मी हो म्हटलं.

"बीएडला नंबर लागलेला ना तुमचा?" तो म्हणाला. "मी तेव्हाच विलासला बोललो, फी अडत असेल तर माझ्याकडून घे, सावकाश दे. तो बोलला, तिलाच आता शिकायचं नाय."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि पीत राहिले. पाणी संपलं तरी तांब्या खाली आणला नाही. समोर ती दोघं होती आणि त्यांचा काही दोष नव्हता.

त्या संध्याकाळी नळाचं पाणी आलं होतं. विलास बनियनवर पिंप भरत होता. मी पाइप बाजूला केला आणि सांगितलं की बँक नाही, स्कूटर नाही. हप्ता चालू राहील. जेवढा पतपेढीला जायचा तेवढाच, दर महिन्याच्या एक तारखेला, माझ्या हातात. त्याचं मी काय करते ते विचारायचं नाही. त्यानं विचारलं, किती वर्षं. मी म्हटलं, ते मी सांगेन. त्याला वाटलं असेल की राग आहे, दोन महिन्यांत उतरेल.

जूनमध्ये मी त्याच पैशांनी बीएडची फी भरली. छत्तीस वर्षांची होते. बाकावर शेजारी बसणाऱ्या मुली माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी लहान, मला मावशी म्हणणाऱ्या. सरावाच्या पाठासाठी आगाशीच्या एका शाळेत पाठवलं होतं. पहिल्यांदा फळ्यावर तारीख लिहिली तेव्हा खडूची भुकटी मनगटावरून बाहीत शिरली आणि मला कुणीतरी हात धरून आपल्या जागेवर आणून बसवल्यासारखं वाटलं. फ्रिजही आणला, दोन दारांचा. सफरचंदं दर आठवड्याला, खाल्ली जावोत न जावोत. स्वातीला घेऊन महाबळेश्वरला जाऊन आले, दोघीच. घरात नवीन वस्तू आली की विलास तोंड उघडायचा, आणि त्यानं काही विचारायच्या आत मी सांगायची की अण्णांना विचारलंय. पहिल्या खेपेला तो हसला. नंतर हसेनासा झाला. यात मला सुख मिळालं का? मिळालं. लोक म्हणतात सूड घेऊन समाधान लाभत नाही. त्यांनी नीट घेतला नसेल.

अण्णांचे रविवार अर्थातच बंद झाले. काही वर्षांनी ते गेले, मी जाऊबाईंजवळ तेरा दिवस जाऊन बसले. अण्णांवर माझा राग उरलाच नव्हता. तो सगळा एकाच ठिकाणी जमा झाला होता.

बीएड झाल्यावर नोकरी लगेच मिळाली नाही. तासिकेवर शिकवलं, रजेच्या जागांवर शिकवलं. अनुदानित शाळेत कायमची जागा मिळाली ती दोन हजार सहा साली. पण दोन हजार पाच संपता संपता सरकारचा नियम बदलला होता. त्यानंतर लागलेल्यांना जुनं पेन्शन नाही. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसणारी बाई माझ्याहून वयानं लहान, दोन हजार चारला लागलेली, तिला पेन्शन. मला नाही. सत्त्याण्णवला फी भरली असती तर हे सगळं चार वर्षं आधी घडलं असतं. हा हिशेब मी कुणापुढे मांडला नाही. विलासपुढे एकदाच मांडला, ज्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी. तो बराच वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मी निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, मुलींनी माझ्यासाठी गाणं म्हटलं. घरी आले तेव्हा विलासनं चहा करून ठेवला होता. आता तो रोज करतो. त्याला ऐकू कमी येतं, जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबतो, ताडगोळे मला आवडतात म्हणून आठवणीनं आणून सोलून ठेवतो. स्वाती फोनवर म्हणते, आई, पुरे आता, बाबा म्हातारे झालेत. कधी कधी मलाही वाटतं की पुरे. मग घरातली कामं करता करता वसईच्या कॉलेजातली ती काचेची पेटी समोर येते, तिच्यावरचं माझं बोट दिसतं, आणि तो विचार मी बाजूला ठेवते. मी वाईट बाई असेन. पण खोटं बोलून मी कुणाचं आयुष्य अडवलं नाही.

हप्ता त्यानं एकदाही चुकवला नाही. कंपनी बंद पडली त्या वर्षीही नाही. आता तो व्याजातून आणि त्याच्या तुटपुंज्या पेन्शनमधून देतो. परवा एक तारखेला पाकीट माझ्यापुढे ठेवून तो तिथेच बसून राहिला.

"सुनंदा, अजून किती वर्षं?" त्यानं विचारलं.

"चार," मी म्हटलं.

गेल्या वर्षी विचारलं होतं तेव्हाही मी चारच म्हटलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीही. तो वाद घालत नाही. मान हलवतो, आणि पुढच्या एक तारखेला पाकीट घेऊन येतो.